कडता

लाखांदूरच्या धान गोदामात, दुपारी अडीचला,
हमाल जेवायला गेलेले.
बाबांनी टोपलं तिरकं केलं, मी माइक धरला.
तीन मिनिटं धान पडत राहिलं ताडपत्रीवर.
आवाज छान आला. बाबा उंचावरून ओततात.

बर्गनच्या एका बाईने तो विकत घेतला, चाळीस डॉलरला.
तिच्या सिनेमात तो पाऊस होणार आहे.
खरा पाऊस म्हणे रेकॉर्डिंगमध्ये
भजी तळल्यासारखा ऐकू येतो.

पैसे आल्यावर कागद बाबांपुढे ठेवला.
उरकुडाजी नान्हे, बाजार समितीत चौतीस वर्षं मापारी,
चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.
"आज डालरचा भाव?"
त्र्याऐंशी.
"मंग तेहतीसशे वीस. आन् आले किती?"
दोन हजार नऊशे शहात्तर, वीस पैसे.
"तीनशे त्रेचाळीस ऐंशी कोनी खाल्ले?"

मी वाचत गेले.
परदेशी व्यवहार, शेकडा चार पूर्णांक चार.
"हे अडत. मालावर जाते."
वर तीस सेंट, रक्कम कितीही असो.
बाबा थांबले, मग हसले.
"हा बारदाना होय.
पोत्यात दहा किलो भर का पन्नास,
पोत्याचं वजन तेवढंच कटते.
मुठी-मुठीनं माल नको पाठवू, पोरी.
पोतं भरू दे, मंगच तोंड शिव."
बँकेचे एकोणसाठ, त्यात नऊ जीएसटी.
"हमाली."

बेरीज केली. एकशे तेरा रुपये ब्याऐंशी पैसे
कुठेच बसेनात.
फीच्या रकान्यात नाहीत, कराच्या नाहीत.
तीनदा केली.
बाबांनी कागद नाकाशी नेला
आणि तळाच्या बारीक ओळीवर नख ठेवलं:
रूपांतराचा दर, ऐंशी.
"इथं हाय.
काटा बरोबर, माप बरोबर,
भावच तीन रुपयांनी उतरवला.
ज्याची पावती फाटत नाही ना, तो खरा कडता."

मी चिडले. ईमेल लिहायला बसले, इंग्रजीत, कडक.

"नर्मदा."
पूर्ण नावाने ते मला क्वचितच हाक मारतात.
"मोजताना सांडते ते धान कोनाचं?"
ज्याचं धान त्याचं, मी म्हणाले.
"हो. पन झाडन मापाऱ्याची.
कोनी लिहून नाही ठेवलं, असंच होतं.
मी टोपलं जरा उंचावरून ओतत होतो."

बाहेर कोणीतरी सायकलमध्ये हवा भरत होतं.
किती उंचावरून, मी विचारलं.
त्यांनी हात गुडघ्यापासून वर नेला, कमरेशी थांबवला,
मग आणखी थोडा वर.

आई ती झाडण पाखडायची. खडे निघायचे, सुतळीचे तुकडे.
आमच्या ताटात चिन्नोर, लुचई आणि कसला तरी जाड तांदूळ
एकाच घासात यायचे,
एक गळलेला, एक बोटचेपा, एक कच्चा.
मला वाटायचं, भात असाच असतो.

ईमेल अजून ड्राफ्टमध्ये आहे.
पाठवणार नाही असं नाही.
भाव लपवला तो लपवलाच,
पण "चोर" हा शब्द मी दोनदा लिहून खोडलाय.

बर्गनच्या बाईला आणखी आवाज हवेत:
सूप पाखडण्याचा, रिकामं पोतं झटकण्याचा.
दोन्ही एकदमच देईन, एकाच बिलात.

मूळ फाइल माझ्याकडे आहे.
तिच्या सुरुवातीला, धान पडायच्या आधी,
बाबांचा आवाज आहे, सवयीने निघालेला.
पहिल्या मापाला मापारी एक म्हणत नाही, लाभ म्हणतो.
बाईला पावसात माणूस नको होता.
तेवढा अर्धा सेकंद
मी कापून ठेवला.